पडदा काळाच राहिला: नाशकातल्या एका शोची पूर्ण हकिकत

२०२५ च्या २३ ऑगस्टला, शनिवारी, राष्ट्रीय अंतराळ दिन होता आणि त्या संध्याकाळी आम्ही गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतल्या एका हॉलमध्ये '२००१: अ स्पेस ओडिसी' हा स्टॅन्ली कुब्रिकचा १९६८ चा इंग्रजी सिनेमा दाखवला. हॉल भरला, शेजारच्या मंगल कार्यालयातून जास्तीच्या खुर्च्या आणाव्या लागल्या एवढा भरला. सिनेमा संपला तेव्हा मी मोजली, अठरा माणसं उरली होती आणि त्यात आम्हीच सात. खुर्च्या घडी करताना आमच्यातलाच एक जण वैतागून बोलला, "नाशिकची पब्लिक या सिनेमाच्या लायकीची नाही." त्यावर कुणीच काही बोललं नाही, मी पण नाही, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. मी नाशिकचाच, सिडकोत वाढलेलो, आणि मला स्वतःला हा सिनेमा पहिल्यांदा कळला नव्हता तरी आवडला होता, मग मी पण त्या लायकीत बसतो की नाही. पुढचे दोन-अडीच महिने मी रजिस्टरमधल्या नंबरांवर फोन करत, भेटेल त्याला विचारत गेलो की तुम्ही कधी उठलात, का उठलात, आणि नोव्हेंबरात आम्ही तोच सिनेमा त्याच हॉलमध्ये परत लावला. दुसऱ्या कुठल्या गावात कुणाच्या मनात हा सिनेमा दाखवायचं आलं तर उपयोग होईल म्हणून दोन्ही वेळचं सगळं लिहून ठेवतोय.

आधी त्या दिवसाचं वातावरण सांगतो. आम्ही आठ-नऊ जण, महिन्याला एक सिनेमा दाखवतो, एरवी येणारे तीस-पस्तीस आणि तेच ते ओळखीचे चेहरे. पण यावेळी जुलैमध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावरून परत आले होते, शाळाशाळांत त्यांचीच चर्चा, त्यात चांद्रयान-३ उतरलं त्याला बरोबर दोन वर्षं होत होती, म्हणून म्हटलं अंतराळाचाच सिनेमा लावू. हा सिनेमा लावायचा हट्ट माझा होता. परवानगी वगैरे रीतसर काढली, तो एक वेगळाच त्रास आहे, त्यात शिरत नाही. पोस्टर बनवलं त्यावर मोठं रॉकेट, मागे निळी पृथ्वी आणि खाली 'अंतराळाची थरारक सफर, सहकुटुंब या'. ते पोस्टर मीच पाहून ओके केलं. आज वाटतं की सगळ्या बिघाडाची सुरुवात तिथंच झाली, पण त्या दिवशी हॉल भरताना पाहून मला फार आनंद झाला होता. लोक मुलं घेऊन आले, एक आजोबा तर नातवाला इस्रोचा टीशर्ट घालून घेऊन आले होते.

साडेपाचला दिवे घालवले. ज्यांनी सिनेमा पाहिलाय त्यांना माहीत आहे की सुरुवातीला जवळजवळ तीन मिनिटं पडदा पूर्ण काळा असतो आणि त्यावर लिगेटी नावाच्या संगीतकाराचं संगीत वाजत राहतं, त्याला चाल नाही ताल नाही, नुसते आवाज एकात एक मिसळून वाढत जातात. त्या काळी मोठ्या थेटरात लोक आत येऊन बसेपर्यंत असं संगीत वाजायचं, ओव्हर्चर म्हणायचे त्याला. आमच्या हॉलमध्ये हे कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. वीसेक सेकंद शांतता, मग मागून "ओ, प्रोजेक्टर बघा", मग एक शिट्टी, मग कुणीतरी मोबाईलचा टॉर्च पडद्यावर मारला आणि लॅपटॉपवर बसलेल्या आमच्या पोराला इतकं टेन्शन आलं की त्याने सरळ फॉरवर्ड केलं. त्या गडबडीत चंद्र, पृथ्वी आणि सूर्य एका रेषेत येतात तो पहिला शॉट पण गेला, जो शॉट आणि ज्याचं संगीत अख्ख्या जगाला पाठ आहे, आणि सिनेमा सुरू झाला तो थेट ओसाड माळावरच्या माकडांवर.

आता विचार करा, पोस्टरवर रॉकेट आणि पडद्यावर माकडं, आणि ती माकडं काही बोलत पण नाहीत. या सिनेमात पहिला संवाद यायला साधारण पंचवीस मिनिटं लागतात. मुलांना पहिली पाच मिनिटं मजा वाटली, ती माकडांची नक्कल करून हुप हुप करायला लागली, मग कंटाळली, मग खुर्च्यांमधून पळापळ सुरू. बाहेर पाऊस, वर पत्रा, पंखे फुल स्पीडवर. आणि मला जी गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आली ती ही की पडद्यावर कुणी बोलत नसेल तर आपल्याकडचा प्रेक्षक ती वेळ आपली समजतो. यात उद्धटपणा नाही, ती सवय आहे, पडद्यावर कुणी बोलत नाही म्हणजे आत्ता काही चाललेलं नाही, मग शेजारच्याशी बोलून घ्या, घरी फोन करून घ्या. माकड हाड हवेत फेकतं आणि त्या हाडाचं पुढच्याच क्षणी अंतराळातलं यान होतं, लाखो वर्षं एका कटमध्ये उडी मारून जातात, त्या क्षणी आमच्या समोरच्या रांगेतलं एक कुटुंब उठून सँडल शोधत होतं. स्थानकाकडे जाणारं यान वॉल्ट्झच्या, म्हणजे युरोपातल्या एका नाचाच्या संगीताच्या चालीवर सावकाश फिरतं तेव्हा अर्धा हॉल गप्पा मारत होता. मला त्या वेळी राग आला होता. आता येत नाही.

तासाभराने चुळबुळ इतकी वाढली की आम्ही घाबरून चहाचा ब्रेक घेतला. ही दुसरी चूक, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. या सिनेमाला स्वतःचा इंटरव्हल आहे, दिग्दर्शकाने ठेवलेला, साधारण दीड तासाच्या आसपास, आणि तो अशा जागी आहे की माणूस खुर्ची सोडून जाऊच शकत नाही. दोन अंतराळवीर यान चालवणाऱ्या कॉम्प्युटरला ऐकू जाऊ नये म्हणून एका छोट्या यानात शिरून दार लावून बोलतात आणि कॉम्प्युटर काचेतून त्यांच्या ओठांच्या हालचाली वाचत असतो, आणि तिथं पडदा पडतो. आम्ही ब्रेक घेतला तो त्याच्या बराच आधी, गुरूकडे निघालेलं यान नुकतंच दिसायला लागलं होतं तेव्हा. चहा पिऊन निम्मे लोक घरी गेले. म्हणजे ज्यांनी माकडं सोसली, चंद्रावरची लांबलचक मीटिंग सोसली, ते सगळे कॉम्प्युटरची गोष्ट सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी निघून गेले, आणि तोच भाग कुणालाही खिळवून ठेवतो, सिनेमाची आवड असो नसो. हे मला त्या रात्री नाही कळलं, फोन करत गेलो तेव्हा कळलं. जवळजवळ प्रत्येक जण म्हणायचा "त्यात काही घडतच नव्हतं", आणि मी विचारायचो "तो कॉम्प्युटर माणसं मारायला लागतो तिथपर्यंत होतात का", तर समोरून, "असं पण आहे का त्यात?"

जे थांबले त्यांच्याबद्दल आता जरा सविस्तर लिहितो, कारण खरं शिकायला मिळालं ते त्यांच्याकडूनच.

कॉम्प्युटरचं नाव सबटायटलमध्ये आलं तेव्हा हॉलमध्ये मोठा हशा झाला. इंग्रजीत ती तीन अक्षरं आहेत एच, ए, एल. बाहेरची माणसं त्याला हॅल म्हणतात, पण नाशकात ही तीन अक्षरं कुणी तशी वाचत नाही, नाशकात एचएएल म्हणजे ओझरचा सरकारी विमान कारखाना, एचएएल म्हणजे मिग, एचएएल म्हणजे अर्ध्या नातेवाइकांची नोकरी. शेवटच्या रांगेत एक काका बसले होते, बत्तीस वर्षं ओझरला विमानांवर काम करून रिटायर झालेले, आधी मिग आणि मग सुखोई. ते पण हसले. पण पुढच्या पंधरा मिनिटांत मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते खुर्चीच्या टोकाशी येऊन बसले होते. तो प्रसंग असा आहे की कॉम्प्युटर सांगतो अमुक एक पार्ट बहात्तर तासांत बंद पडणार आहे, ते लोक यानाबाहेर जाऊन तो पार्ट काढून आणतात, टेबलावर ठेवून सगळ्या टेस्ट करतात आणि त्यात काहीच बिघाड सापडत नाही. मग कॉम्प्युटर म्हणतो परत बसवा आणि बंद पडू द्या म्हणजे कारण कळेल. तिकडे पृथ्वीवर त्याच मॉडेलचा दुसरा कॉम्प्युटर आहे, तो म्हणतो पहिल्याचंच चुकतंय, आणि हा पहिला शांतपणे म्हणतो की असं जेव्हा जेव्हा झालंय तेव्हा चूक माणसाचीच निघालीय.

शो संपल्यावर काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "या धंद्यात सगळ्यात भीती कशाची असती सांगू? पार्ट तुटलेला सापडला तर बरं वाटतं, बदलला की झालं. पण नो फॉल्ट फाउंड असा टॅग लागून परत आला ना, की झोप उडते. कारण मग बिघाड कुठंतरी आहे आणि तुम्हाला दिसत नाहीये." आणि मग म्हणाले, "दोन मीटर वेगवेगळं रीडिंग दाखवतायत तर तिसरा मीटर आणायचा, तिसरं रीडिंग येईपर्यंत दोघांवर पण विश्वास ठेवायचा नाही. या पोरांनी यानात तिसरा मीटर नेलाच नव्हता." मी या सिनेमावर इतकं वाचलंय, पण ही गोष्ट मला कुठल्याही लेखात मिळाली नव्हती. काकांना कुब्रिक कोण ते माहीत नव्हतं, इंग्रजी सबटायटल त्यांनी अर्धेच वाचले, तरी आमच्या सगळ्या ग्रुपपेक्षा तो भाग त्यांना जास्त कळला. लायकीचं वाक्य मला तिथंच खोटं वाटायला लागलं.

दुसऱ्या एक ताई, त्या मधेच उठून गेल्या आणि परत आल्याच नाहीत. मी त्यांना कंटाळून गेलेल्यांत धरलं होतं. फोन केला तेव्हा कळलं की कंटाळा वगैरे काही नव्हतं. यानात तीन जण झोपवून नेलेले असतात, थंड पेटीत, आणि कॉम्प्युटर त्यांना मारतो तेव्हा रक्त नाही, ओरडणं नाही, फक्त मॉनिटरवरच्या रेषा एकेक करून सरळ होत जातात. त्याच्या थोडं आधी अंतराळात फक्त श्वासाचा आवाज, आत, बाहेर, आत, बाहेर, बाकी काही नाही, कारण तिथं हवाच नाही तर आवाज जाणार कसा, हे दिग्दर्शकाने अगदी खरं दाखवलंय. ताईंचा भाऊ २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, आयसीयूत होता. नाशिकने तो एप्रिल पाहिलाय, त्यावर मी इथं जास्त लिहीत नाही. ताई म्हणाल्या, "सिनेमा वाईट नव्हता हो, फार खरा होता म्हणून उठले." त्यानंतर मी उठून गेलेल्यांची नुसती संख्या सांगणं बंद केलं.

तिसरे एक गृहस्थ, शेवटपर्यंत थांबले आणि शेवटी खरंच चिडले. शेवटची वीस-बावीस मिनिटं परत संवाद नाही, आधी रंगांचे झोत, मग एक पांढरी खोली, त्यात म्हातारा होत जाणारा अंतराळवीर, मग सिनेमाभर मधेमधे दिसणारा तो उभा काळा दगड, मग अंतराळात तरंगणारं एक बाळ. ते म्हणाले, "तीन तास बसवलं आणि उत्तर दिलं नाही, हे काय आम्हाला येड्यात काढणं आहे का?" त्यांच्या रागात मला फसवणूक झाल्याचं दुःख दिसलं आणि ते पटलं पण. थरारक सफर म्हणून बोलवलं होतं आम्ही त्यांना.

मग मी जुनं वाचायला बसलो की १९६८ मध्ये नक्की काय झालं होतं. आणि बरं वाटलं, कारण तिकडे पण हेच झालं होतं. २ एप्रिल १९६८ ला वॉशिंग्टनमध्ये पहिला मोठा शो झाला, पाठोपाठ न्यूयॉर्कला, आणि लोक उठून गेले, बरेच गेले, मोठमोठ्या समीक्षकांनी झोडपलं. कुब्रिकने त्या पहिल्या शोंनंतर स्वतः सिनेमातली साधारण एकोणीस मिनिटं कापली. सिनेमा वाचवला तो तरुण प्रेक्षकांनी, ते परत परत येत राहिले. म्हणजे जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशाच्या राजधानीत लोक ज्या जागी चुळबुळले त्याच जागी गंगापूर रोडला चुळबुळले. त्यात त्यांच्याकडे सत्तर एमएमचा अवाढव्य पडदा होता, आमच्याकडे बारा फुटी पडदा आणि पत्र्यावर पाऊस. आणि एक लक्षात घ्या की तेव्हा माणूस चंद्रावर तर सोडाच, चंद्राभोवती पण गेला नव्हता, अपोलो-८ त्याच वर्षी डिसेंबरात गेलं. चंद्राच्या मागून उगवणाऱ्या पृथ्वीचा माणसाने काढलेला तो प्रसिद्ध रंगीत फोटो पण नंतरचा. एकही कॉम्प्युटर ग्राफिक नसताना त्या लोकांनी हे सगळं हाताने उभं केलं, आणि माझा जीव या सिनेमात अडकतो तो त्यामुळे.

दुसऱ्यांदा दाखवायचं ठरलं तेव्हा ग्रुपमध्ये भांडणच झालं. एकाचं म्हणणं आधी पाऊण तास लेक्चर द्या, दगड म्हणजे काय, बाळ म्हणजे काय सगळं समजावून सांगा. दुसऱ्याचं म्हणणं काहीच सांगू नका, ज्याला पचेल तो बसेल. मी या दोन्हीच्या विरोधात होतो. मला आठवण झाली दादासाहेब फाळक्यांची, आपल्या त्र्यंबकचे, पांडवलेण्याखाली त्यांचं स्मारक आहे आणि आपण तिथं शाळेच्या सहलीला जाऊन येतो. पहिला चित्रपट करायच्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्यासमोर कॅमेरा लावला होता, रोज थोडी थोडी फिल्म घ्यायची, आणि मग ते बी उगवून वर येताना एका दमात पडद्यावर दाखवलं. ते पाहून पैसे लावणारे तयार झाले. ती फिल्म मुकीच होती, त्यात कुणी नट नव्हता, नुसतं एक रोप वाढत होतं, आणि तरी लोकांनी पाहिलं, कारण त्यांना माहीत होतं की आपण काय बघायला बसलोय. आमच्या लोकांना नेमकं तेच माहीत नव्हतं. अर्थ सांगायची गरज नाही, पण बसायचं कसं ते सांगायला हवं, एवढंच माझं म्हणणं होतं.

शेवटी असं ठरलं. पोस्टर नवीन, रॉकेट नाही, फक्त काळा कागद आणि त्यावर साध्या मराठीत की हा सिनेमा १९६८ चा आहे, सावकाश आहे, पहिली पंचवीस मिनिटं कुणी बोलत नाही, बारा वर्षांखालच्या मुलांना आणू नये. सुरुवातीला पाच मिनिटं बोलायचं आणि त्यात फक्त तीन गोष्टी सांगायच्या: पडदा काळा राहील तो बिघाड नाही, बराच वेळ संवाद नाहीत ते मुद्दाम आहे, आणि चहा सिनेमा स्वतः थांबेल तेव्हाच मिळेल. दगडाबद्दल एक शब्द नाही. संवाद सगळे मिळून फार नाहीतच, म्हणून जे महत्त्वाचे आहेत त्यांचा मराठीत सारांश करून एका कागदावर पाठपोट छापला, म्हणजे इंग्रजी झरझर वाचता न येणाऱ्यांना अडणार नाही. शिवाय नोव्हेंबर, म्हणजे नाशकातली थंडी, पंखे बंद. पंखे बंद केल्याने केवढा फरक पडला ते आत गेल्यावर कळलं, श्वासाचे आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होते.

लोक कमी आले, चाळीस-बेचाळीस. ओझरचे काका मित्राला घेऊन आले. ताई आल्या नाहीत, मी त्यांना बोलावलं पण नव्हतं. ते चिडलेले गृहस्थ मात्र आले, म्हणाले, "बघू यावेळी तरी काही सापडतं का."

यावेळी काळा पडदा शांतपणे गेला. एक खोकला, एक खुर्ची सरकली, बस. मग तो सूर्य उगवला आणि ढोल वाजले तेव्हा माझ्या पुढची एक मुलगी एकदम ताठ बसली ते मला मागून दिसलं. माकडांवर पण कुणी हसलं नाही. हाडाच्या कटला कुणीतरी हळूच "बापरे" म्हटलं. यानात तो अंतराळवीर गोल चाकात चारी बाजूंनी पळतो तिथं कुजबुज झाली, पण ती कुजबुज चांगली होती, एक इंजिनिअरिंगचा पोरगा शेजारच्याला बोटांनी गोल फिरवून दाखवत होता. चहाला बाहेर आल्यावर त्याने काकांना गाठलं. खरं तर ते आख्खं चाक बनवलं होतं, विकर्स नावाच्या विमान कंपनीकडून, ३८ फूट व्यासाचं, साधारण ३० टनांचं, आणि ते चाक फिरायचं, नट तळाशी पळत राहायचा, वॉशिंग मशीनच्या ड्रमसारखं. पोराने तिथंच मोबाईलवर हिशोब केला की एवढ्या लहान चाकात पृथ्वीएवढं वजन जाणवायचं असेल तर मिनिटाला बारा फेऱ्या लागतील आणि माणसाला भोवळ येईल, पण चंद्राएवढंच पाहिजे असेल तर पाच फेऱ्यांत भागतं. काका म्हणाले, "मग बेअरिंग कसलं वापरणार?" आणि ते दोघं चहा थंड होईपर्यंत बेअरिंगवर बोलत होते. त्या इंटरव्हलला घरी फक्त दोघं गेले.

कॉम्प्युटरचा शेवट होतो तिथं हॉल अगदी शांत होता. त्याच्या मेंदूचे तुकडे एकेक करून काढले जातात, तो गयावया करतो, घाबरलोय म्हणतो, आणि मग त्याला पहिल्यांदा शिकवलेलं गाणं गायला लागतो, आवाज जाड होत होत बंद पडतो. ते गाणं 'डेझी बेल', आणि ते उगाच निवडलेलं नाही, १९६१ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये आयबीएमच्या एका कॉम्प्युटरकडून खरंच ते गाऊन घेतलं होतं आणि लेखक आर्थर क्लार्क यांनी ते स्वतः ऐकलं होतं. पण हे माहीत नसताना सुद्धा एका वहिनींच्या डोळ्यात पाणी आलं, त्या म्हणाल्या, "चारपाच माणसं मारली त्याने आणि वाईट मला त्याचंच वाटतंय, हे बरोबर नाही ना?"

शेवटावर यावेळी पण एकमत झालं नाही, आणि होऊ नये असंच मला वाटतं. एकजण म्हणाला हे सरळ सरळ जन्म-मरणाचा फेरा आहे, आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी सांगितलंय. त्यावर एका सरांनी लगेच अडवलं की प्रत्येक गोष्ट आपल्या पुराणात नेऊन बसवायची काय गरज, दुसऱ्याचं दुसऱ्याला राहू द्या. वाद रंगला. मग पंचवटीच्या एक आजी, नातसुनेबरोबर आलेल्या, इतका वेळ गप्प होत्या, त्या बोलल्या. त्या खोलीत अंतराळवीर वळून बघतो तर समोर जेवायला बसलेला माणूस तोच असतो, पण म्हातारा, आणि तो म्हातारा वळतो तर पलंगावर त्याच्याहून म्हातारा. आजी म्हणाल्या, "म्हातारपण असंच येतं बाबा. मधलं काही दिसत नाही. मान वळवावी तर पुढचा आपण बसलेला." मग कुणी वाद घातला नाही. मी त्या प्रसंगाचे डझनभर अर्थ वाचलेत आणि आता तो प्रसंग लागला की मला आजीच आठवतात.

चिडलेल्या गृहस्थांचं म्हणाल तर त्यांना दुसऱ्यांदा पण नाही आवडला. म्हणाले की कॉम्प्युटरचा भाग एक नंबर, बाकी उगाच ताणलंय, अर्धा तास काढला तरी काही बिघडणार नाही. पण यावेळी चिडले नव्हते, हसून बोलले, पुढच्या महिन्याला काय लावताय विचारून गेले. मी त्यांना पटवायचा प्रयत्न केला नाही. नीट पाहून नावडला तर ते त्यांचं मत आहे आणि ते मला मान्य आहे, पहिल्या वेळी मात्र त्यांना नीट पाहू दिलंच नव्हतं आम्ही.

एक गोष्ट मात्र मला अजून खुपते. ती ताठ बसलेली मुलगी, अकरावी-बारावीची असेल, जाताना मला म्हणाली, "दादा, पडदा काळा राहणार हे तुम्ही आधी सांगायला नको होतं. मला घाबरायचं होतं." मी तिला ऑगस्टचं सगळं सांगितलं, टॉर्च, शिट्ट्या, फॉरवर्ड. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो, पण तरी." तिचं बरोबर आहे. त्या काळोखात काय होणार ते माहीत नसणं हा त्या सिनेमाचाच भाग आहे आणि तो आम्ही तिच्याकडून काढून घेतला, बाकीच्या चाळीस जणांसाठी. यावर ग्रुपमध्ये अजून बोलणं चालू आहे, मला अजून उत्तर मिळालेलं नाही.

आणि त्या रात्रीचं शेवटचं. या सिनेमात नावं संपली तरी संगीत संपत नाही, पडदा परत काळा होतो आणि तो वॉल्ट्झ काळ्या पडद्यावर बराच वेळ वाजत राहतो. हे मी सुरुवातीच्या पाच मिनिटांत सांगायला विसरलो होतो. नावं संपली, अंधार झाला, आमचा पोरगा दिवे लावायला उठला तर ओझरच्या काकांनी त्याला हाताने खूण करून थांबवलं. ज्यांना शेवटची बस गाठायची होती ते सात-आठ जण चपला हातात घेऊन बाहेर गेले. बाकीचे बसून राहिले, दारात वॉचमन किल्ल्या घेऊन उभा होता, तो पण तसाच उभा राहिला.